पडलेला विनोद कोणाच्या अंगावर पडतो?

दूरचित्रवाणीवरच्या विनोदी कार्यक्रमांबद्दल मराठीत दोनच प्रकारचे लेखन होते. एक म्हणजे कलाकारांच्या संघर्षकथा, आणि दुसरे म्हणजे 'पांचटपणा' या एका शब्दात सगळे मोडीत काढणारी टिपणे. एखादा पूर्ण भाग समोर ठेवून त्यातले पहिले स्किट का जमले, दुसरे का कोसळले, तिसऱ्याला शेवट का सापडला नाही, असा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. नाटकाचे परीक्षण होते, चित्रपटाचे होते, पाककृतींच्या पुस्तकाचेही होते. पण ज्या प्रकाराने गेली पंधरा वर्षे मराठी घरातली रात्रीच्या जेवणाची वेळ व्यापली आहे, त्याला परीक्षणाच्या लायकीचा समजले जात नाही. याचा परिणाम असा की, या कार्यक्रमांचे गुण प्रेक्षकांच्या फक्त जिभेवर राहतात आणि दोषांना कोणी जबाबदार धरत नाही.

स्किटच्या कार्यक्रमाचा कोणताही भाग आरंभापासून शेवटपर्यंत सारखा नसतो. तासाभरात एखादा तुकडा पोट धरून हसवतो, एखादा कसाबसा तग धरतो, एखादा डोळ्यांदेखत पडतो. याची सरासरी काढून 'ठीक होता' म्हणणे म्हणजे परीक्षण नव्हे. माझ्या मते असमान भागातच हा प्रकार आपले खरे रूप दाखवतो. विनोद जमलेला असतो तेव्हा तो कशावर उभा आहे हे दिसत नाही. तो पडू लागला की लेखक-कलाकार घाईघाईने काहीतरी हाताशी धरतात. त्यांनी काय धरले आणि तो कोणाच्या अंगावर पडू दिला, हे पाहणे हे समीक्षेचे काम आहे. वऱ्हाडी बोलणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला या प्रश्नात थोडा जास्त रस असणे साहजिक आहे. त्याचे कारण पुढे येईलच.

असमानपणा हा जन्मगुण

ज्याला जगभर या प्रकाराचा नमुना मानतात तो अमेरिकेतला 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' 11 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाला. शनिवारी रात्री साडेअकराला न्यूयॉर्कमधून तो थेट प्रक्षेपित होतो. आठवडाभरात लिहिलेल्या तुकड्यांची त्याच संध्याकाळी प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम होते. जे पडते ते कापले जाते, क्रम बदलला जातो, वाक्ये शेवटच्या क्षणापर्यंत बदलत राहतात. म्हणून नट पाठांतरावर विसंबत नाहीत, समोर धरलेल्या मोठ्या पुठ्ठ्यांवरून वाचतात. कार्यक्रम तयार झाला म्हणून सुरू होत नाही, घड्याळात साडेअकरा वाजले म्हणून सुरू होतो. एवढी चाळणी लावूनही तिथला भाग असमानच असतो, आणि पन्नास वर्षे तिथले प्रेक्षक 'यंदा पूर्वीसारखे राहिले नाही' हेच म्हणत आले आहेत.

आपल्याकडे हे नवे नाही. दारात येणारा बहुरूपी, म्हणजे रायरंद, हा थेट सादर होणाऱ्या स्किटचा सर्वांत लहान घटक आहे. तो पोलिसाच्या नाहीतर साहेबाच्या वेषात येतो, दरडावतो, 'लग्नाला चला' म्हणून आमंत्रणाची उलटसुलट यादी वाचतो. त्याच्याकडे एक माणूस, एक उंबरठा आणि दोन-तीन मिनिटे एवढेच भांडवल. पहिल्या घरी जमलेले दुसऱ्या घरी जमेलच असे नाही. पण तिसऱ्या घरी जाईपर्यंत त्याने बोलणे बदललेले असते, कारण सुपातले धान्य त्यावर अवलंबून असते. थेट विनोदाचा पहिला नियम इथेच कळतो. तो चुकण्याला मोकळा असतो, पण चुकीची किंमत त्याला त्याच जागी मोजावी लागते.

वाहिनीवरच्या स्किटचे गणित निराळे आहे. वसंत सबनिसांचे 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य 1965 साली रंगमंचावर आले आणि त्याचे दीड हजारांवर प्रयोग झाले. मूळ 'छपरी पलंगाचा वग' म्हणून लिहिलेल्या या संहितेत दादा कोंडके रोज भर घालत. त्या दिवसाची बातमी, त्या गावाचे राजकारण, पुढच्या रांगेत बसलेला पुढारी, सगळे त्यात येई. एक संहिता दीड हजार वेळा घासली गेली. वाहिनीवरचे स्किट एका रात्री जन्मते आणि त्याच रात्री संपते. तेच लेखक दर आठवड्याला नवे तुकडे उभे करतात. अशा कारखान्यात प्रत्येक नग सारखा निघावा ही अपेक्षाच चुकीची आहे. म्हणून या कार्यक्रमांचे लेखक आळशी आहेत हा आरोप मला मान्य नाही. ते थकलेले आहेत, आणि थकलेला लेखक सवयीकडे वळतो. त्या सवयी काय आहेत, हा खरा प्रश्न आहे.

बतावणीतला शहाणा

तमाशाची घडण सर्वांना ठाऊक आहे : गण, गवळण, बतावणी, वग. यातली बतावणी म्हणजे आजच्या भाषेत स्किटच. सोंगाड्या आणि नायक यांच्यातली ही प्रश्नोत्तरे कथेला बांधलेली नसतात. वगाची संहिता पूर्वी लिहिलेली नसे. प्रसंगांचा क्रम ठरलेला असे आणि संवाद नट उभ्या उभ्या रचत. अशा रचनेत पडण्याचा धोका पावलोपावली असतो, म्हणून तमाशाने पडण्याच्या जागी जाजम घालून ठेवले आहे. सोंगाड्याचा विनोद लागला नाही तर ढोलकी आहे, गाणे आहे. सोंगाड्या आपल्याच पडलेल्या विनोदावर दुसरा विनोद करू शकतो. प्रेक्षकाने टोमणा मारला तर त्याला उत्तर देऊ शकतो. पडणे लपवायचे नसते, ते खेळात ओढून घ्यायचे असते.

बतावणीची दुसरी खुबी जास्त महत्त्वाची आहे. तिथे एक जण वेडेवाकडे बोलतो आणि दुसरा शहाणा असतो. हा शहाणा 'आं? काय म्हणालास?' असे विचारतो तेव्हा तो प्रेक्षकाला वाक्य परत ऐकवतो, हसायला वेळ देतो आणि सोंगाड्याला पुढच्या उडीसाठी जमीन देतो. गवळणीतल्या मावशीसमोर कृष्ण असतो, पेंद्या असतो, पण कोणीतरी एक जण व्यवहाराची बाजू धरून असतो. विनोद म्हणजे नियमातून घसरणे, आणि घसरायला आधी नियम दिसावा लागतो.

ही फूटपट्टी घेऊन 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' पाहावी. सोनी मराठीवर 2018 पासून चालू असलेला, सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे यांनी उभा केलेला हा कार्यक्रम आजच्या मराठी स्किटचा सर्वांत सशक्त नमुना आहे, असे मी बेधडक म्हणेन. त्यातली जमलेली स्किटे आठवून पाहिली तर प्रत्येकात तो शहाणा सापडतो. समीर चौघुले आणि विशाखा सुभेदार यांची जोडी का रंगत असे? एक जण उधळला की दुसरा जमीन धरून ठेवत असे, आणि मध्येच ही कामे अदलाबदल होत. प्रसाद खांडेकर अनेकदा वैतागलेला, सरळमार्गी माणूस होतात. स्वतः लेखक असल्यामुळे असेल, पण हशा दुसऱ्याच्या ताटात वाढण्याचा संयम त्यांच्यात दिसतो. नम्रता संभेराव वेडेपणा करतात तेव्हाही त्या पात्राचा आतला तर्क सोडत नाहीत. तर्क आहे म्हणून वेड दिसते.

आता कोसळलेले स्किट पाहावे. तिथे पाच जण असतात आणि पाचही जण गमतीदार असतात. प्रत्येकाची एक लकब, प्रत्येकाचा एक ठरलेला शब्द, प्रत्येकाच्या प्रवेशाला एक नाच. शहाणा कोणीच नाही. मग एका घराची, एका दुकानाची, एका दवाखान्याची गोष्ट राहत नाही, पाच नकलांची रांग होते. नवे कलाकार वाढत जातात तसा हा दोष वाढतो, कारण प्रत्येकाला टाळीची जागा द्यावी लागते. हा कलाकारांचा दोष नाही, वाटणीचा दोष आहे.

लांबी, शेवट आणि हसणारे परीक्षक

अमेरिकन कार्यक्रमातले स्किट साधारण चार-पाच मिनिटांचे असते. आपले स्किट दहा मिनिटांच्या पुढे जाते. एक कल्पना चार मिनिटे पळते, दहा मिनिटे पळायला तिला मध्ये एक वळण लागते. कल्पना समजा अशी आहे : एका माणसाला सतत खरे बोलण्याचा आजार झाला. पहिल्या तीन मिनिटांत तो बायकोला, साहेबाला, शेजाऱ्याला खरे बोलेल आणि हशा मिळेल. चौथ्या मिनिटाला त्याच्यासमोर असा माणूस यायला हवा की ज्याला खरेच ऐकायचे आहे. तिथे खेळ उलटतो. वळण नसेल तर चौथ्या शेजाऱ्याला पाचवे खरे सांगितले जाते आणि प्रेक्षक पाणी प्यायला उठतो. असमान भागात बहुतेक तुकडे पडतात ते याच जागी, मध्यावर. आरंभ क्वचितच वाईट असतो.

शेवटाचा प्रश्न जगाला सुटलेला नाही. बीबीसीवर 1969 साली सुरू झालेल्या 'मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस' या कार्यक्रमाने शेवटची टाळीची ओळच टाकून दिली. तुकडा रंगला की तो अर्ध्यातच सोडून चित्रविचित्र चलचित्राने पुढच्यात जायचे, असा मार्ग त्यांनी काढला. तमाशाने ढोलकीचा मार्ग काढला होता. आपल्या वाहिन्यांनी दोन मार्ग काढले आहेत : सगळ्यांनी मिळून नाचणे किंवा अचानक गहिवरून संदेश देणे. पहिला निदान निरुपद्रवी आहे. दुसऱ्याने मात्र चांगली स्किटे बिघडतात. आठ मिनिटे ज्या सासूची टिंगल केली, तिच्याबद्दल शेवटच्या मिनिटाला 'आईच ती' म्हणून डोळे पुसायचे, यात टिंगलही खोटी ठरते आणि डोळेही.

हास्यजत्रेत प्रसाद ओक आणि सई ताम्हणकर परीक्षक म्हणून बसलेले असतात, प्राजक्ता माळी सूत्रे सांभाळतात, आणि विनोद झाला की कॅमेरा त्यांच्या हसण्याकडे वळतो. यात आनंद आहे, नाही असे नाही. जाणकार माणसाला हसू आवरत नाही हे पाहण्यात प्रेक्षकाला सुख असते. पण दर वेळी कॅमेरा वळला की घरातल्या माणसाला 'इथे हसा' अशी खूण होते. रायरंदाला आणि सोंगाड्याला ही सोय नव्हती. ही सोय मिळाली म्हणूनच पडलेला तुकडा पडला आहे हे कलाकारालाही कळेनासे होते. थेटपणातली शिक्षा गेली, तसा धडाही गेला.

थुकरटवाडीचा पोस्टमन

'चला हवा येऊ द्या' हा झी मराठीवरचा कार्यक्रम 2014 ते 2024 अशी दहा वर्षे चालला. लेखन, दिग्दर्शन, सूत्रसंचालन असे तिहेरी ओझे नीलेश साबळे यांच्यावर होते. त्याचा भाग असमान असण्याचे कारण त्याच्या रचनेतच होते. नव्या चित्रपटाची मंडळी थुकरटवाडीत येणार, त्यांचे कौतुक होणार आणि मग त्यांच्याच चित्रपटाची नक्कल होणार. पाहुणा समोर बसला असताना त्याची टिंगल कितपत धारदार होणार? भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे यांच्या अंगची ऊर्जा अफाट होती. पण कित्येकदा ती ऊर्जा जाहिरातीच्या गाड्याला जुंपलेली दिसे. चित्रपट चांगला असेल तर नक्कलही बरी होई, चित्रपट फुसका असेल तर नक्कल त्याहून फुसकी.

आणि तरीही, त्याच तासात एक पोस्टमन येई. सागर कारंडे पत्र वाचत आणि ते पत्र अरविंद जगताप यांनी लिहिलेले असे. शेतकऱ्याचे, सैनिकाच्या घरचे, म्हाताऱ्या बापाचे. पाच मिनिटांपूर्वी साडी नेसलेल्या भाऊ कदमांवर हसणारी माणसे गप्प होत. ही पत्रे पुढे 'पत्रास कारण की' या नावाने पुस्तकरूपानेही आली. एका अर्थाने त्या भागातला हा सर्वांत 'विसंगत' तुकडा होता, पण लोकांच्या लक्षात तोच राहिला. आधी मी संदेश देणाऱ्या शेवटाला नावे ठेवली, मग पत्राचे कौतुक का करतो? कारण पत्र विनोदाची माफी मागायला येत नव्हते. ते स्वतंत्र तुकडा म्हणून येई, आपल्या आवाजात बोले आणि जाई. आधीच्या विनोदाला ते खोटे पाडत नसे. असमानपणा इथे दोष राहिला नाही, तो ताल झाला. आणि महत्त्वाचे म्हणजे, त्या पत्रांतला गावाकडचा माणूस शहाणा होता.

भरतमुनींची यादी

पडणारा विनोद सावरण्याच्या सवयी कोणत्या, हे पाहायला भरताच्या नाट्यशास्त्राकडे जावे लागते. सहाव्या अध्यायात हास्यरसाची कारणे दिली आहेत : विकृत वेष, विचित्र अलंकार, निर्लज्ज धीटपणा, हावरटपणा, असंबद्ध बडबड, शरीरातले व्यंग दाखवणे, दोष उच्चारणे. आजच्या कोसळत्या स्किटमध्ये जे जे हाताशी धरले जाते ते सगळे या यादीत आहे. पुरुषाने साडी नेसणे, कोणाच्या वजनावर, रंगावर, केसांवर, उंचीवर बोलणे, हे काही वाहिन्यांचे पाप नाही, परंपरेचेच आहे. म्हणून 'पूर्वी विनोद निर्मळ होता' हे म्हणणे खरे नाही.

पण भरताने दुसरीही गोष्ट सांगितली आहे. स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित असे हसण्याचे सहा प्रकार तो देतो. पहिले दोन उत्तम प्रकृतीचे, मधले दोन मध्यम, शेवटचे दोन अधम. यातला वर्णाभिमान बाजूला ठेवूनही एक शहाणपण उरते : हसण्याला पायऱ्या आहेत. चांगल्या तासाभरात त्या सगळ्या पायऱ्या असाव्यात. वाहिनीवरच्या भागात स्मिताला जागाच नाही. प्रत्येक वाक्याला अतिहसित हवे असते, आणि अतिहसित हुकमी मिळवायचे तर व्यंग आणि दोष हीच सर्वांत जवळची हत्यारे. हत्यार जुनेच आहे. प्रश्न ते कोणावर रोखले जाते हा आहे.

'विच्छा'त हवालदार बढतीची वाट पाहत असतो. कोतवालाची जागा रिकामी होते आणि प्रधान तिथे आपल्या मेहुण्याला बसवतो. मग हवालदार आणि मैनावती मिळून त्या नव्या कोतवालाला राजाच्या छपरी पलंगाच्या चोरीत अडकवतात. दादा कोंडके त्यात हवालदार होते. चावटपणा भरपूर, द्वयर्थ भरपूर. पण हसू खालून वर जाते, वशिल्याच्या माणसावर जाते. ज्याची बढती हुकली अशा प्रत्येक माणसाने ते नाटक आपले मानले. म्हणून सामग्रीवरून विनोदाची जात ठरवू नये, दिशेवरून ठरवावी.

वऱ्हाडी कुठे उभी आहे

आता आमच्या बोलीकडे येतो. भारत गणेशपुरे हे अमरावतीकडचे कलाकार. 'फू बाई फू' आणि नंतर 'चला हवा येऊ द्या' यांतून त्यांनी वऱ्हाडी घराघरात नेली. त्यांचे ऋण मोठे आहे. त्यांची वऱ्हाडी उसनी नव्हती, त्यांच्या श्वासातली होती. वाक्य सावकाश ओढत न्यायचे आणि शेवटच्या शब्दावर सोडून द्यायचे, हा गावच्या पारावरचा ठेका त्यांना साधलेला होता. पण दार उघडले की सगळेच आत येतात. पुढे ज्या स्किटांना विनोद सापडेना, त्यांना वऱ्हाडी सापडली. मालवणी, आगरी, खानदेशी यांचेही हेच झाले. कथा पडू लागली की एखाद्याला बोली बोलायला लावायचे, म्हणजे हशा हुकमी.

आणि ती बोली तरी कुठे असते? उदाहरणादाखल मीच एक वाक्य जुळवतो. प्रमाण मराठीत : 'तुम्ही इथे काय करताय? मला काही समजत नाही.' वाहिनीवरची वऱ्हाडी होते : 'काय बे, तू इथे काय करतो बे? मले काही समजत नाही बे.' म्हणजे पुण्याचे वाक्य आणि वरून 'बे'ची फोडणी. वाशीमकडचा माणूस म्हणेल : 'तुमी अठी काय करून राह्यले जी? मले त काईच समजून नाई राह्यलं.' यात 'राह्यले' हे क्रियापदाचे रूप आहे, 'जी' हा आदर आहे, 'अठी' आहे. 'ळ'चा 'य' होतो, डोळ्याचा डोया आणि आभाळाचे आभाय होते. 'बे' हा नागपुरी मित्रामित्रांतला शब्द, तो साऱ्या विदर्भाच्या कपाळी मारला गेला. किन्हीराजा-मालेगावच्या पट्ट्यात वडीलधाऱ्याला कोणी 'बे' म्हणेल तर कानाखाली आवाज निघेल. आमच्या जिल्ह्याची दक्षिण बाजू हिंगोलीला लागते, त्यामुळे इथल्या बोलण्यात मराठवाड्याचाही रंग मिसळतो. नागपुरी निराळी, वऱ्हाडी निराळी, भंडारा-गडचिरोलीकडची झाडीबोली निराळी. स्किटवाल्याला हे ओळखण्याची गरज वाटत नाही, कारण त्याला बोली नको असते, बोलीचा उच्चार हवा असतो.

यावर मी एक साधी परीक्षा लावतो. बोलीतला विनोद प्रमाण मराठीत सांगून पाहावा. थोडी चव जाईल, पण विनोद असेल तर तो उरेल. समजा कोणी विचारले, 'यंदा सोयाबीन कसं हाय?' आणि उत्तर आले, 'सोयाबीन उभं हाय जी, आमीच आडवे झालो.' हे कोणत्याही मराठीत सांगा, आधी हसू येईल, मग ते ओठावरच थांबेल. तिथे भरताचे स्मित आहे. उलट, नुसत्या 'मले-तुले'वर मिळालेला हशा प्रमाण मराठीत नेला की हवेत विरतो. म्हणजे तो विनोद नव्हताच, तो बोलणाऱ्यावरचा हशा होता.

दुसरी परीक्षा याहून कडक आहे. स्किटमधला शहाणा कोणती भाषा बोलतो? डॉक्टर, न्यायाधीश, शिक्षक, साहेब, अगदी वैतागलेला नवरासुद्धा प्रमाण मराठी बोलतो. वऱ्हाडी बोलतो तो नोकर, रुग्ण, चुकून शहरात आलेला पाहुणा. बतावणीतली दोन माणसे आठवा : नियम धरणारा आणि घसरणारा. नियमाची भाषा एक आणि घसरण्याची भाषा दुसरी, अशी कायमची वाटणी झाली की तो विनोद एका रात्रीपुरता राहत नाही. वसतिगृहात राहायला गेलेली आमच्याकडची पोरे आठ दिवसांत 'करून राह्यलो' सोडून 'करतोय' म्हणू लागतात. त्यांना कोणी मारत नाही. ती तोंड उघडतात तेव्हा समोरचा हसायला तयार बसलेला असतो, एवढेच. त्या तयारीत वाहिनीचा वाटा आहे.

सगळे प्राकृत बोलतात तेव्हा

इथे कोणी म्हणेल की ही वाटणीही जुनीच आहे, संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो आणि विदूषक प्राकृत. खरे आहे. पण त्याच नाटकांत शकुंतलाही प्राकृतच बोलते आणि तिच्यावर कोणी हसत नाही. राजशेखराने तर 'कर्पूरमंजरी' हे सबंध सट्टक प्राकृतात लिहिले. तिथे राजाही प्राकृत बोलतो आणि विदूषकही. हाच राजशेखर 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न वत्सगुल्मात लावतो. वत्सगुल्म म्हणजे आमचे वाशीम. ज्या गावात साहित्याचे लग्न लागले, तिथली बोली आज मराठी विनोदात वाजंत्र्यांच्या रांगेतही नाही, जेवणावळीत पत्रावळ्या उचलायला आहे.

मराठीत 'कर्पूरमंजरी'चा हा मार्ग एका नाटकाने चालून दाखवला. गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' 1980 साली आले आणि मच्छिंद्र कांबळी यांच्या तात्या सरपंचाने ते गाजवले. त्याचा विषयच पाहा : गावातली हौशी मंडळी द्रौपदीवस्त्रहरणाचा प्रयोग लावतात आणि तो पदोपदी फसतो. पडणाऱ्या प्रयोगाचे नाटक! म्हणजे असमान भागाचेच परीक्षण, रंगमंचावर. पण तिथे नट, दिग्दर्शक, सरपंच सगळे मालवणी बोलतात. त्यामुळे हसू मालवणीला येत नाही. ते माणसांच्या हौसेला, मानापमानाला, फजितीला येते. फसलेला प्रयोग कोणाच्याही अंगावर न पाडता कसा सावरावा, याचा याहून चांगला पाठ मराठीत नाही.

वऱ्हाडीच्या अंगात ही ताकद नाही असे कोणी म्हणू नये. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधली कौतिक 1960 सालापासून वऱ्हाडीत सोसते आहे आणि तिच्या बोलण्याला आजवर कोणी हसलेले नाही. जी बोली एवढे दुःख पेलते, तिला स्किटमधला एक डॉक्टर पेलणार नाही?

माझे म्हणणे विनोदावर पहारा बसवा असे नाही. बोलीवर हसू नका असेही नाही. आम्ही स्वतःवर हसतो ते वाहिनीपेक्षा जास्त. गौरव मोरे हास्यजत्रेत पवईच्या आपल्या फिल्टरपाड्याचे नाव घेत 'बच्चन' होऊन येत, तेव्हा त्या वस्तीचे नाव हसण्याची नव्हे, मिरवण्याची गोष्ट झाली. नाव कोण घेतो आणि कोणत्या ऐटीत घेतो, यावर सगळे बदलते.

म्हणून पुढच्या वेळी एखादा असमान भाग पाहताना तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात. तुकडा कोणत्या मिनिटाला पडला? त्यात शहाणा कोण होता आणि तो कोणत्या भाषेत बोलला? आणि पडताना त्याने कोणाचा आधार घेतला : स्वतःचा, वरच्याचा की खालच्याचा? एवढे जरी वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांनी दर आठवड्याला छापले, तरी लेखकांना हवी असलेली ती जुनी, सुपातल्या धान्याची शिक्षा परत मिळेल. तुकडे पुढेही पडतीलच. वऱ्हाडी बोलणाऱ्या डॉक्टरसमोर प्रमाण मराठीतला रुग्ण गोंधळून बसला आहे, असे स्किट ज्या दिवशी पडेल, त्या दिवशीच्या भागाला मी आनंदाने असमान म्हणेन.